रिकाम्या ओळीचं भांडण

आमच्या ऑफिसात कोड लिहिणारी माणसं दोनच होती, तो आणि मी. आमचं बाकी सगळ्यावर जमायचं, फक्त एका गोष्टीवर कधी जमलं नाही, ती म्हणजे मोकळी जागा. मला ओळीला ओळ लागून हवी असायची. तो मात्र जिथे नवा भाग सुरू होई तिथे पहिल्यांदा एक ओळ रिकामी सोडायचा आणि मग लिहायला लागायचा. वही उघडल्या उघडल्या पहिलं पान कोरं सोडणारी मुलं असतात, त्यातला प्रकार. मला ते पाहून अंगाला खाज सुटायची. हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण आम्ही या रिकाम्या ओळींवरून जेवणाचा डबा वेगळा बसून खाल्लेला आहे.

ऑफिस यवतमाळात होतं, पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्या एका दुकानाच्या वरची लांबट खोली. खालून दिवसभर वार्निशचा वास यायचा. आमचे सर शेतकी शिकलेले. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंड बाहेरून टवटवीत दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी निघायची, तोवर उशीर झालेला असायचा. सरांनी गावोगाव शेतात कामगंध सापळे लावून घेतले होते. म्हणजे मादीच्या वासाच्या गोळीला भुलून नर पतंग आत येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. गावातलं कोणीतरी सकाळी पिशवीतले पतंग मोजायचं आणि आकडा मोबाइलवरून आम्हाला पाठवायचं. सलग तीन रात्री पतंग जास्त पडले, तर आमचा प्रोग्राम त्या गावाला इशारा पाठवायचा. हा प्रोग्राम आम्ही दोघांनी लिहिला होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

तो आर्णीचा. वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. मी राळेगाव तालुक्यातली, घरात संगणकाला हात लावणारी पहिलीच. तो मला चिडवायला मॅडम म्हणायचा आणि मी त्याला काहीच म्हणायची नाही, सरळ ‘ए’ अशी हाक मारायची. एका टेबलावर शेजारी शेजारी बसायचो. त्याचा संगणक अर्धा वेळ बंद पडलेला असायचा, म्हणून माझ्याच कीबोर्डवर दोघं. एक बोलायचा, दुसरा टाइप करायचा, मध्येच कीबोर्ड ओढाओढी व्हायची.

आमच्या भांडणाला कंटाळून सरांनी एक दिवस फॉरमॅटर बसवला. फॉरमॅटर म्हणजे कोड नीटनेटका करणारा प्रोग्राम. तुम्ही कसंही लिहा, सेव्ह केलं की तो कंस जागेवर आणतो, लांब ओळी मोडतो, फालतू जागा काढून टाकतो. अर्थाला धक्का लावत नाही, फक्त रूप बदलतो. त्याच दिवशी सरांनी आमच्या सगळ्या फाइली प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत टाकल्या. तोवर आम्ही पेनड्राइव्हवर फाइली फिरवायचो आणि ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’ अशी नावं देत बसायचो.

“आता मशीन ठरवल तसं लिहायचं,” सर म्हणाले. “मले भांडण नको.”

पहिल्याच सेव्हला त्याच्या सगळ्या रिकाम्या ओळी गायब झाल्या. तो परत टाकायचा, सेव्ह करायचा, ओळ परत गायब. मी शेजारी बसून खूश होत होते. पण माझंही सुख टिकलं नाही, कारण मी जे एका ओळीत बसवलेलं असायचं ते तो फॉरमॅटर पाच ओळींवर वाळत घालायचा. आठवड्याभरात आमच्या दोघांचा कोड इतका सारखा दिसायला लागला की मला माझाच ओळखू येईना. सर मात्र समाधानी होते.

पुढे कळलं की या फॉरमॅटरचेही नियम बदलतात. तो बनवणारी माणसं कुठेतरी दूर बसलेली. पुढच्या वर्षी काय काय बदलायचं ठरलं आहे ते आधीच जाहीर करून ठेवायची: हा कंस आता इथे येईल, या ओळी आता अशा मोडतील, हवं असेल त्यांनी आतापासून वापरून पाहावं. मला हे काही केल्या समजेना. आज जे बरोबर म्हणून माझ्यावर लादलं, ते पुढच्या वर्षी चूक होणार हे आजच ठरलेलं आहे, तर मग आज मी ते कशासाठी पाळायचं? सरांना विचारलं तर ते म्हणाले, “सगळे पाळतात म्हणून.” घरी गेले तेव्हा आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला. आईनं शेंगा फोडता फोडता सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे शाळेचा गणवेश बदलवतात तसं,” ती म्हणाली. “पोरं तं तेच राह्यतात ना?”

“हो, पोरं तीच राहतात.”

“मंग तू कायले डोकं लावून राह्यली?”

मी तिच्या शेजारी बसून शेंगा फोडायला लागले.

एका वर्षीच्या त्या जाहीर यादीत मात्र एक कलम असं निघालं की तो खुर्चीवरून उठला. पुढच्या वर्षापासून नव्या भागाच्या सुरुवातीला रिकामी ओळ चालेल. फॉरमॅटर ती काढणार नाही.

“पाह्य मॅडम, पाह्य! मी जितलो! तुमच्या त्या मशीनलेबी समजलं शेवटी.”

“एक रिकामी ओळ ठेवून काय मिळतं रे तुला?” मी खरंच वैतागले होते.

“काई मियत नाई. दम घेता येते. एकदम कामावर तुटून कायले पडा लागते माणसानं?”

त्यानं त्या दिवशी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले, खालच्या वाइंडिंगवाल्यालाही. वाइंडिंगवाल्यानं विचारलं की काय झालं, लग्न ठरलं का? याला काय सांगावं ते कळेना, शेवटी तो हो म्हणून मोकळा झाला. नंतर महिनाभर तो माणूस मला जिन्यात अडवून तारीख विचारत होता.

आता मूळ गोष्ट. आमच्या प्रोग्राममध्ये एक लहानसा भाग होता, त्याला आम्ही बाजाराचा भाग म्हणायचो. पहिल्या हंगामात इशारे गडबडायला लागले होते. अळी वाढलेली असूनही काही गावांना संदेशच जात नव्हते. कारण सापडत नव्हतं. मग लक्षात आलं की या गावांमधून आठवड्यात एका सकाळी आकडा येतच नाही, आणि ती सकाळ बाजाराच्या दिवसाची असते. बाजाराच्या दिवशी शेतात कोण जातं? माणसं पहाटेच एसटी नाहीतर ऑटो धरतात. आमचा प्रोग्राम मात्र न आलेला आकडा शून्य धरायचा. म्हणजे त्या रात्री एकही पतंग पडला नाही, सलग तीन रात्री मोडल्या, चला, इशारा नको. शहरात बसून लिहिणाऱ्याच्या हे ध्यानातही आलं नसतं, पण आमच्यासारख्या बाजाराच्या गावच्या माणसांनी हे लिहिलं आणि आमच्याही ध्यानात यायला अर्धा हंगाम गेला, याची लाज वाटली. नवा भाग लिहिला: गावाचा बाजार कोणत्या वारी ते पाहा, त्या सकाळी आकडा नसेल तर शून्य धरू नका, आधीची आणि नंतरची रात्र जोडून घ्या. त्यानंतर इशारे वेळेवर जायला लागले. सर जिथे जातील तिथे हा किस्सा सांगायचे. आयुष्यात मी काही हुशारीचं केलं असेल तर ते हेच, असं मला वाटायचं.

मग त्याला पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत आली. घरी वडिलांच्या पाठीचा त्रास वाढला होता, गॅरेजात बसून काम होईना, धाकट्या बहिणीचं शिक्षण व्हायचं होतं. त्याला ती नोकरी लागणं गरजेचं होतं, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. पहिली फेरी चांगली झाली. कंपनीच्या बाई म्हणाल्या, तुम्ही स्वतः लिहिलेलं काहीतरी दाखवा. सरांनी परवानगी दिली. त्यानं अर्थातच बाजाराचा भाग दाखवायचं ठरवलं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात फॉरमॅटरचे ठरलेले बदल लागू झाले. सरांनी मला सांगितलं, नवी आवृत्ती टाक आणि सगळ्या फाइलींवरून एकदा फिरव. वर त्यांनी नवा रुंद मॉनिटर आणला होता, म्हणून ओळ किती लांब चालेल ती मर्यादाही वाढवून घेतली. मी बटण दाबलं. सगळ्या ओळी हलल्या, जुळल्या, मोडल्या, नव्या जागी बसल्या. ज्या बदलाची तो वर्षभर वाट पाहत होता तो हाच, पण मुलाखतीच्या धांदलीत त्याला त्याचं भानही नव्हतं.

बदलांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत एक सोय असते. ओळीवर गेलं की ती ओळ शेवटची कोणी बदलली त्याचं नाव दिसतं. पुण्याच्या बाईंनी बाजाराचा भाग उघडला आणि ती सोय चालू केली. वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीसमोर माझं नाव.

तो फोन ठेवून माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“त्या म्हनून राह्यल्या, हे तं दुसऱ्याच बाईनं लिहिलं. तुले फोन करतीन म्हने सोमवारी. तू सांगून दे ना त्याइले.”

“काय सांगू?”

“का बाजाराचा भाग मी लिहिला म्हनून.”

तो थट्टा करतोय असं मला वाटलं.

“पण तो तर मी लिहिला,” मी म्हणाले.

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग आम्हाला दोघांनाही कळलं की कोणीच थट्टा करत नाही.

आजवर आम्ही जागेवरून भांडलो, कंसावरून भांडलो, पण हे कोणाचं यावरून कधीच भांडलो नव्हतो, कारण विचारायची वेळच आली नव्हती. तो सांगायला लागला की बाजाराच्या दिवशी वडिलांच्या गॅरेजात किती गर्दी असते, खेड्यातल्या झाडून सगळ्या गाड्या दुरुस्तीला येतात, त्यावरूनच त्याच्या डोक्यात आलं. मी म्हणाले, मी लहानपणापासून आईबरोबर कापूस वेचणीला गेले आहे, बाजाराला वेचणी बंद असते हे मला तू शिकवणार? दोघंही खरं बोलत होतो. मला राग आला होता, आणि त्या रागाला तो एकटाच जबाबदार नव्हता. तो चालला होता, आणि जाताना माझी एकुलती एक हुशारी घेऊन चालला होता, असं मला वाटत होतं.

सर म्हणाले, उपाय आहे. व्यवस्थेला सांगता येतं की अमुक दिवशीचे बदल नुसते रूपाचे होते, ते सोडून दे, त्यामागे कोण होतं ते दाखव. मी लगेच तसं केलं. माझं नाव सगळीकडून निघून गेलं आणि त्याच्या जागी वरपासून खालपर्यंत सरांचं नाव आलं. पहिल्या दिवशी फाइली त्यांनीच आत टाकल्या होत्या, फॉरमॅटर फिरवून. त्याच्या मागे पेनड्राइव्ह, आणि तो पेनड्राइव्ह कधीच मेलेला. म्हणजे मशीनच्या हिशेबी बाजाराचा भाग सरांनी लिहिला होता, ज्यांना धड एक ओळ लिहिता येत नव्हती. सर थोडे खूशही झाल्यासारखे दिसले.

शनिवारी मी घरी गेले. आईला सांगितलं की असं असं झालंय, आणि आता मला काही कळत नाही.

“बाजाराचं ना?” आई म्हणाली. “ते तं मीच तुले सांगतलं होतं. तू आल्ती तेव्हा. म्या म्हटलं, बाजाराच्या दिशी कोन जाते वावरात सापया पाह्याले?”

आता तिसरी दावेदार घरातच निघाली. मी आईवरही चिडले. ती मात्र शांतपणे म्हणाली की माझं नाव कुठे नको, पण सांगतलं मीच होतं. रविवार सगळा मी त्या दिवसाची आठवण काढत घालवला. कोण बोलत होतं, कीबोर्ड कोणाकडे होता. स्क्रीन आठवायची, वार्निशचा वास आठवायचा, पण बोटं कोणाची ती दिसायची नाहीत. कोड डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला तर फॉरमॅटरनं लावलेला कोड आठवायचा. ज्या रूपात तो कोणाचाच नव्हता त्याच रूपात माझ्या मनात बसला होता.

सोमवारी ऑफिसात त्यानं खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची नेली होती. फोनची वाट पाहत मी उगाच नव्या आवृत्तीची माहिती वाचत बसले, काय काय बदललं ते. कंसाचं कलम, लांब ओळींचं कलम, आणि त्याखाली ते, नव्या भागाच्या सुरुवातीला रिकामी ओळ चालेल. त्याखाली बारीक टीप होती की आधी काढून टाकलेल्या ओळी फॉरमॅटर स्वतःहून परत आणणार नाही. मला तर्री-पोहे आठवले, जिन्यात अडवणारा वाइंडिंगवाला आठवला. मग मी आठवणीत मागे मागे जात राहिले, या रिकाम्या ओळीवरून आमचं पहिलं भांडण कधी झालं होतं ते शोधत.

आणि ते सापडलं. मी पाण्याची बाटली भरून आले होते. माझ्याच स्क्रीनवर तो भाग लिहून तयार होता, आणि त्याच्या डोक्यावर एक रिकामी ओळ. “हे काय भोक ठेवलंस?” असं मी विचारलं होतं आणि बाटली हातातच ठेवून ती ओळ काढून टाकली होती. तो ओरडला होता. ओळीखाली गावं होती आणि गावांसमोर वार होते, सोमवार, गुरुवार. तो बाजाराचाच भाग होता.

मी रिकामी ओळ ठेवली असती का? जन्मात नाही. मग लगेच दुसरा विचार आला, की पाण्याला जायच्या आधी मीच त्याला सांगून गेले असेन, आणि त्यानं फक्त टाइप केलं असेल. किंवा आईचं बोलणं मी त्याला सांगितलं असेल. तसंही असू शकतं. ते मला आजही माहीत नाही. त्या वेळी एवढंच माहीत होतं की ओळ त्याची होती आणि ती पुसणारी मी होते.

फोन वाजला. बाईंचा आवाज सभ्य होता. त्यांनी सरळ विचारलं, हा भाग कोणी लिहिला?

“त्यानं,” मी म्हणाले.

“पण आम्ही पाहिलं तेव्हा सगळीकडे तुमचं नाव होतं.”

“नाव माझं होतं कारण त्या दिवशी झाडू मी मारला. घर त्याचं आहे.”

खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्याची खुर्ची वाजली. बाईंनी विचारलं, तुमची खात्री आहे ना? मी हो म्हणाले. ती पुरती नव्हती, पण पुरती खात्री कोणालाच नव्हती, आणि नोकरी त्याला हवी होती. फोन ठेवल्यावर मला मोठ्यानं रडू आलं आणि मी ते दाबलं नाही. तो जवळ येऊन उभा राहिला.

“अबे, तू म्हनत होती ना का तुयं हाय?”

“मला माहीत नाही कोणाचं आहे. जा आता.”

“मलेबी पक्कं नाई,” तो हळूच म्हणाला. “रात्रभर इचार करून राह्यलो. तूच बोल्ली असशीन म्हनून वाटते कधी.”

ते त्यानं फोनच्या आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. त्याला नोकरी लागली. तो निघाला तेव्हा त्याच्या अम्मीनं माझ्यासाठी शिरखुर्म्याचा डबा पाठवला होता, ईद नसताना. खालच्या वाइंडिंगवाल्याला वाटलं लग्नाचाच आहे.

पुढच्या हंगामात आकडे यायला लागले तेव्हा एका गावाचा बाजार बदलला म्हणून मला तो भाग उघडावा लागला. गावं आणि त्यांचे वार आम्ही पेनड्राइव्हच्या काळातच वेगळ्या फाइलीत हलवले होते, तिथे तो वार बदलला. मग परत आले, भागाच्या पहिल्या ओळीच्या वर गेले आणि एन्टर दाबलं. सेव्ह केलं. सवयीनं वाटलं आता जाईल, पण ओळ गेली नाही. नव्या नियमात ती चालत होती.

नाव दाखवणारी सोय चालूच होती. वरपासून खालपर्यंत अजून सरांचं नाव आहे. सगळ्या भागात माझ्या नावावर फक्त ती रिकामी ओळ आहे, आणि ती त्याची आहे.